बारावा फोन

प्रिय वहिनी,

चौदा तारखेला तू येऊ नकोस. हे आधी लिहून टाकतो, कारण माझं पत्र तू कसं वाचतेस ते मला माहीत आहे. पहिलं पान दारातच उभं राहून, मधलं शेगडीवर काहीतरी ठेवून, आणि शेवटचं सगळी आवराआवर झाल्यावर. म्हणून मुद्द्याचं वर. तिकीट काढलं असशील तर असू दे, परत करायला जाऊ नकोस. धुलाईखान्यातून सुट्टी घेतली असशील तर ते दोन दिवस घरात दार लावून पडून राहा. पण तलावाकाठच्या ज्या विश्रामगृहात दादाने तुला बोलावलंय तिथे पाऊल टाकू नकोस. आणि मुख्य म्हणजे, 'धाकटा असं का लिहितोय' हे दादाच्या फोनवर विचारू नकोस. हे पत्र तुला मिळालंय हे त्या फोनला कळता कामा नये.

तू म्हणशील, नऊ महिन्यांनी नवऱ्याचं तोंड दिसायची वेळ आली तर हा कुठे मध्ये कडमडला. म्हण. सगळं सांगतो, पण माझ्या पद्धतीने सांगू दे. सातवीत बसलो तो कायमचाच बसलो, हे तुला ठाऊक आहे, त्यामुळे निबंधासारखं आखीव जमणार नाही. हे कागद टेलर पोस्टात टाकेल. टेलर म्हणजे इथे माझ्याबरोबर काम करणारा, पन्नाशीचा, खरोखरचा शिंपी. मशीनची सुई त्याच्या बोटातून आरपार गेली, बोट सडलं, कापावं लागलं, आणि ज्याचं बोट जातं त्याला घरी सोडतात. काल उरलेली नऊ बोटं नाचवून मला म्हणाला, बघ, अजून नऊ वेळा घरी जाता येईल. निघताना झडती होते, पण टेलरला बूट काढायला कोणी लावत नाही, कारण काढल्यावर पळावं लागतं ते झडती घेणाऱ्याला. पत्र त्या बुटात आहे. वास आला तर माफ कर.

मी सामानाच्या गोदामात आहे असं मी तुला सांगत आलो. ते अर्धंच खरं. गोदामात आम्ही खोट्या तोफा बनवायचो. काही लाकडाच्या आणि पत्र्याच्या, त्या माझ्या. काही रबरी कापडाच्या, हवा भरली की दहा मिनिटांत उभ्या राहणाऱ्या, त्या टेलरच्या. हल्ली लढाईत माणूस माणसाला बघत नाही, वहिनी. वरून ड्रोन घिरट्या घालतं आणि लांब कुठेतरी खोलीत बसलेला एक जण पडद्यावर बघत असतो. त्याला फसवायचं, एवढंच आमचं काम. खरी तोफ झाडीत दडवायची आणि तिच्यापासून लांब दोन-तीन खोट्या मांडून ठेवायच्या. त्याने आपलं मोठं क्षेपणास्त्र खोटीवर फुकट घालवलं की आम्ही जिंकलो. आपण आठ दिवस खपून बनवलेली वस्तू जळून कोळसा झाली की लोक एकमेकांना मिठ्या मारतात, असा धंदा मी दुसरा पाहिला नाही. पडद्यावर ऊब दिसावी म्हणून तोफेच्या पोटात शेगडी पेटती ठेवायची, भोवती बुटांचे ठसे उमटवायचे, दोरीवर चार बनियन वाळत घालायचे. तू धुवायला शिकवलंस ते इथे कामी आलं. आमचा जो मोठा अधिकारी, त्याला आम्ही गणितसाहेब म्हणतो. सडपातळ, चष्मेवाला, आवाज कधी चढत नाही. त्याच्याशी काहीही बोला, तो एकच विचारतो, शंभरातल्या किती वेळा?

दादाची खरी तोफ माझ्या गोदामापासून दोन किलोमीटरवर होती. तिच्यावर बारा जण. तोफेजवळ फोन न्यायला बंदी, कारण शत्रूला फोनची जागा कळते. म्हणून बाराही जणांचे फोन माझ्याकडे लोखंडी पेटीत. आठवड्यातून एकदा ते सगळे यायचे, तासभर फोन मिळायचा, की परत पेटीत. दादा आला की आधी फोन घ्यायचा नाही, आधी माझं काम बघायचा. हा पाय वाकडा, तो सांधा ढिला, बापाने याला रंधा दिला की लाटणं. बारा जणांसमोर. ते हसायचे, मीही हसायचो. लहानपणी एक खिळा वाकला की एक थप्पड, हा त्याचा दर होता. इथे थप्पड तेवढी बंद होती. मग कोपऱ्यात उभा राहून तो तुला लिहायचा. मी मागून बघितलंय. 'ठीक आहे. दार लावून झोपत जा.' बस्स. तेवढं लिहून उरलेला वेळ तो फोनकडे नुसता बघत बसायचा, हे तुला कधी कळलं नसेल म्हणून लिहितो.

थंडीच्या तोंडावर नवीन खोटी तोफ मांडायची होती. साहेबांनी बजावलं होतं की वरची जाळी अर्धीच टाकायची. खोटी तोफ लपवल्यासारखी दिसली पाहिजे, पण दिसली पाहिजे. शेंबड्या पोरालाही कळेल. पण त्या दिवशी दादा आला, जाळीकडे बघितलं आणि म्हणाला, तोफ झाकतोयस की मासे पकडतोयस? अर्धं काम करून हात झटकायची तुझी सवय मेल्याशिवाय जायची नाही. बारांतला तो आपल्या वरच्या मजल्यावरचा बेकरीवाला तर पोट धरून हसला. वहिनी, माझं डोकं फिरलं. ते गेल्यावर मी दिवसभर खपलो. जाळीवर जाळी टाकली, कडा मातीत पुरल्या, ताज्या फांद्या तोडून खोवल्या, शेगडी विझवली, बनियन काढून घेतले. आपलं ठेवावं झाकून म्हणतात तसं. जन्मात एवढं चोख काम मी केलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात दादाला त्याच्यासमोर उभा करून विचारणार होतो, शोध आता तोफ कुठे आहे ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शत्रूने शोधली. माझी त्याला सापडली नाही. जी सापडली ती दोन किलोमीटरवर होती.

बारा जण होते आणि बाराही गेले. दादा त्यांत होता.

इथे तू थांबशील, म्हणून मीही थोडा थांबलो.

साडेचार महिने झाले. पांढऱ्या स्वेटरचं पार्सल तू त्याच आठवड्यात मला पाठवलं होतंस. तिथे मला काय सापडलं ते विचारू नकोस. ओळख पटवायला मलाच बोलावलं होतं, कारण नात्याचा मी एकटाच होतो, आणि मी तिघांकडे बोट दाखवून म्हणालो, यांतला कोणीतरी. कुठे पुरलं ते मला माहीत आहे. आज ना उद्या तुला दाखवीन.

आता तू म्हणशील की परवाच तर त्याचा निरोप आला, निळा कोट घालून ये म्हणाला. हो. तो मी लिहिला. 

त्या संध्याकाळी गणितसाहेब गोदामात आले, माझ्या स्टुलावर बसले आणि पेटी उघडायला लावली. बारा फोन जसेच्या तसे, दोन वाजतही होते. साहेब म्हणाले, आपली तोफ उडाली हे शत्रूला अजून पक्कं ठाऊक नाही. अंत्ययात्रा निघाल्या की कळेल. माणसं जिवंत आहेत तोवर तोफ जिवंत आहे. आणि माणसं जिवंत आहेत की नाहीत हे हल्ली फोनवरून ठरतं. मग फोन आमच्या लोकांनी उघडले आणि साहेबांच्या हाताखालच्या शिकलेल्या पोरांनी घरोघरी निरोप धाडायला सुरुवात केली. दोन दिवसांत ड्रायव्हरच्या बायकोने उलट विचारलं, हे कोण बोलतंय, हेडमास्तर? शिकलेल्याला आमच्यासारखं लिहिता येत नाही, वहिनी. त्याचं वाक्य कुठेतरी इस्त्री केलेलं निघतं. साहेबांनी गोदामात चौकशी केली की इथे सगळ्यांत कमी शिकलेला कोण. टेलर चौथी, पण त्याला फोन चालवता येत नाही. उरलो मी. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिक्षण उपयोगी पडलं.

तेव्हापासून माझं काम हेच. दिवसातून दोनदा पेटी उघडायची आणि बारा जणांचं बारा तऱ्हेने लिहायचं. प्रत्येक फोनमागे चिठ्ठी चिकटवलीय. ड्रायव्हर शिव्या देतो. नवरदेव रोज एक बदाम पाठवतो. बेकरीवाला आईला खायचं काय पाठवशील ते विचारतो. आता निरोपाला फोन रोज मिळेल, पण बोलायला फोन करू नका, आवाजावरून जागा कळते, असं सगळ्या घरांना सांगून टाकलं, आणि लोक ऐकतात. तूही ऐकलंस. दादाचं सोपं होतं. ठीक आहे, दार लावून झोपत जा. पंधरा दिवस मी तेवढंच लिहिलं. मग एकदा तू लिहिलंस की इस्त्रीच्या वाफेने डोकं फार चढलंय, आणि मी न राहवून विचारलं, गोळी घेतलीस का? दोन तास बसून राहिलो, आता पकडला जाणार. तुझं उत्तर आलं ते फोनच्या पडद्यात मावेना. नऊ वर्षांत तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, असं तू लिहिलं होतंस. 

तिथेच सोडायला हवं होतं. पण चटक लागली. तुला कोणी विचारलं की तू किती बोलतेस हे मला घरात राहून कधी कळलं नव्हतं. मी विचारत गेलो, तू सांगत गेलीस. ज्या गोष्टी बायको नवऱ्यालाच सांगते त्याही सांगितल्यास. मी त्या वाचल्या. डोळे मिटून वाचता येत नाही. मी एकट्याने वाचल्या असत्या तर निदान माझ्यापाशीच राहिल्या असत्या, पण सगळं साहेबांकडे जातं. तू लग्नानंतरच्या त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल लिहिलं होतंस ना, त्याच्या कागदावर साहेबांनी लाल पेनाने 'उत्तम' लिहून परत दिलं. बाकीच्या अकरा ठिकाणीही असाच सूर लावा म्हणाले. आणि मग माझ्या स्वतःच्या नावावर तुझं पत्र आलं, की धाकट्या, तुझा भाऊ रणावर जाऊन माणसात आला रे. तो माणसात आला नाही, वहिनी. तो मेला.

बेकरीवाली आजी आता एक जिना उतरून तुझ्याकडे येते, तिच्या फोनवर मुलाला निरोप लिहून घ्यायला, हे मला माहीत आहे. तिला दिसत नाही म्हणून तू लिहून द्यायचीस, इथे मी वाचायचो. मी लिहायचो, तू तिला वाचून दाखवायचीस. मध्ये ती म्हातारी आणि तिचा मेलेला मुलगा. एकदा तिने विचारलं की तुझा खोकला गेला का, आणि त्याला खोकला होता हेच मला माहीत नव्हतं. मी लिहिलं, गेला. तू तिला ते वाचून दाखवलंस तेव्हा तिने तुझ्या हातावर बिस्किटं ठेवली, हेही तूच दादाला कळवलंस. म्हणजे मलाच. कधी कधी वाटायचं की पेटीत कोणी मेलेलंच नाही, मीच तेवढा बाहेर आहे.

आता चौदा तारखेचं. साहेबांना पुढच्या आठवड्यात खऱ्या तोफा नदीपलीकडे न्यायच्या आहेत. त्यासाठी शत्रूची मोठी क्षेपणास्त्रं त्या दिवशी दुसरीकडे खर्च व्हायला हवीत. पण तो आता शहाणा झालाय. लाकडाच्या तोफेला भुलत नाही, रबराच्याला तर नाहीच. एका जागी नुसते पडलेले बारा फोनही त्याला संशयाचे वाटतात. साहेबांनी बैठकीत शांतपणे सांगितलं, सैनिकाचा फोन खोटा असू शकतो, त्याच्या बायकोचा नसतो. बारा घरांतून बारा फोन निघाले, गाड्या बदलत बदलत एकाच गावात आले, एकाच विश्रामगृहात थांबले, आणि आमच्या पेटीतले बाराही तिथेच येऊन मिळाले, तर शत्रू काय समजेल? की तोफखाना विश्रांतीला मागे आलाय. बायकांना काही सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्या नीट वागणार नाहीत. त्या खरंच आनंदात निघायला हव्यात. टेलरने विचारलं, आणि तिथे पडलं तर? साहेब म्हणाले, शंभरात वीस. नाही पडलं तर बायका दोन दिवस तलाव बघून परत जातील. आपल्या माणसांचा ट्रक रस्त्यात अडकला असं सांगता येईल. पडलं तर तोफा नदीपार झाल्या, आणि त्यांनी कोणाला मारलं ते साऱ्या जगाला दाखवता येईल. त्यांच्या टेबलावर कागद होता, त्यावर वीस नव्हतं, सत्तर होतं. सातवी नापासालाही सत्तर वाचता येतं.

ती बोलावणी मी लिहिली. बारा फोनवरून, बारा तऱ्हेने, एका दुपारी. नवरदेवाने लिहिलं, लग्नातले कपडे घालून ये. ड्रायव्हरने एक शिवी घालून लिहिलं, पोरींनाही आण. दादाने निळ्या कोटाचं लिहिलं, कारण तो तुला बरा दिसतो, आणि ते दादाचं मत नाही. बाराही ठिकाणांहून होकार आले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. या कामाबद्दल मला महिनाअखेर घरी सोडणार आहेत, आणि बोट न कापता. तुझ्याशी लपवाछपवी नको म्हणून हेही लिहितो. ज्या घरी यायचं त्यात तू नसलीस तर मी येऊन काय करू?

म्हणून हे पत्र. दादा गेला हे तुला नुसतं कळवायचं असतं तर मी आणखी सहा महिने टाळलं असतं, मला ओळखतेस तू. पण दुसरं काही सांगून तू थांबली नसतीस. आता नीट ऐक. बारांतली एक जण तापाने पडू शकते, बारा जणी पडू शकत नाहीत. बाकीच्या अकरा घरी काहीही कळवू नकोस. एकीला सांगितलंस की सगळ्यांना कळेल, कोणीच येणार नाही, आणि साहेबांना विचार करायला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत की हे कोणी केलं. दादाच्या फोनवर मी विचारीन, तयारी झाली का; तू उत्तर दे, झाली, आणि पुढे नेहमीसारखं दोन शब्द गोड लिही, साहेब वाचतात. एखादं माणूस कमी पडलं तर चालेल, तिथे दारात कोणी डोकी मोजणार नाही. फोन मात्र बाराच्या बारा दिसले पाहिजेत. आजी तेरा तारखेच्या संध्याकाळच्या गाडीने निघणार आहे, तू तिला सोबत करणार असं ठरलंय. तिला स्टेशनवर पोचव, खिडकीजवळ बसव, आणि सांग की तुला कामावरून सुटायला उशीर होतोय, तू मागच्या गाडीने येतेस, तोवर तुझा फोन तिच्याकडे राहू दे, म्हणजे दादाचा निरोप आला तर डब्यातल्या कोणाकडून तरी वाचून घेता येईल. ती विचारणार नाही. ती कोणाच्या कामाला नाही म्हणत नाही. फोन तिच्या पिशवीत तळाशी ठेव, वरून तिने मुलासाठी घेतलेलं सामान ठेव, बंद करू नकोस, आणि देण्याआधी तेवढा पूर्ण चार्ज करून दे. तिथे पोचेपर्यंत चालू राहायला हवा.

तुझाच,
धाकटा